धारेवरची भेग

पडदे शिवणाऱ्या बाईला ती भेग पहिल्यांदा दिसली, ती बुटाची नाडी सुटली म्हणून.

पानगळीचे दिवस होते. महिन्यातल्या शेवटच्या रविवारी निघणारी सात जणांची मंडळी डोंगराच्या धारेवरून चालली होती. एका अंगाला मोकळं पठार, दुसऱ्या अंगाला खोल उतरत गेलेलं दाट रान, आणि मधून ही पायवाट, वाळक्या पानांनी पार झाकून गेलेली. बाई नाडी बांधायला खाली बसली, पाचोळा हातानं बाजूला सारला, आणि तिची करंगळी जमिनीत गेली.

तिनं आणखी पानं सारली. भेग वाटेला आडवी नव्हती, वाटेच्या बरोबरीनं चालली होती, उताराच्या बाजूनं, थोडी बाक घेत. बाईच्या खिशात मोजपट्टी कायम असायची. घरातून निघताना किल्ली विसरेल, पण पट्टी नाही. तिनं सवयीनं पट्टी लावली. दीड सेंटिमीटर. लांबी पावलांनी मोजली, तर तीस पावलं.

"वहिनी, काय हरवलं?" पुढून नणंदेनं विचारलं.

"काही नाही, वन्सं. नाडी सुटली होती."

नणंद इस्पितळात तीस वर्षं नर्स होती, शेवटची बारा वर्षं मुख्य नर्स. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाली तरी चालताना मागं वळून सगळ्यांवर एक नजर टाकायची, जणू अजून वॉर्डच्या फेरीवर आहे. दहा वर्षांपूर्वी मशीनवर वाकून वाकून बाईची पाठ धरली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेव्हा हिनंच तिला हाताला धरून डोंगरावर आणलं होतं. पहिले दोन महिने बाई नाक मुरडत आली. मग तिला त्याची अशी चटक लागली, की तो रविवार चुकला तर महिनाभर तिचं कशात लक्ष लागायचं नाही. एरवी तिचे दिवस लोकांच्या खिडक्या मोजण्यात आणि झाकण्यात जायचे. धारेवर उभं राहिलं की समोर काही झाकलेलं नसायचं.

म्हणून ती गप्प राहिली. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी धबधब्याच्या वाटेवरचा कठडा हलतो अशी तक्रार केली होती. वनखात्यानं दुसऱ्या दिवशी वाट बंद केली, आणि ती आजतागायत बंदच होती. पाटीवर शेवाळ चढलं होतं. बाईनं भेगेवर पुन्हा पानं ओढली, हात झटकले आणि पुढं गेली. घरी आल्यावर मापांच्या वहीत, दोन गिऱ्हाइकांच्या खिडक्यांच्या मधोमध, तिनं लिहिलं: धार, दीड.

थंडीत पानं कुजून खाली बसली, तेव्हा भेग आपोआप उघडी पडली होती. आता चार. वर गोठलेल्या दवाचा पांढरा थर होता आणि भेग त्यात काळी दिसत होती. बाईनं या खेपेला जाड नायलॉनचा दोरा आणला होता. भेगेच्या अलीकडं एक मूळ होतं, पलीकडं एक. दोन्हींना तिनं दोरा ताणून बांधला. आणि मग मात्र तिला राहवेना.

"वन्सं, इथं जमीन फाटलीय, बघा."

नणंद मागं आली. तिनं काठीनं कडेला टोचून पाहिलं. "थंडीनं फुटते गं. माझ्या टाचा बघ जरा. त्यांना घेऊन कोणी कचेरीत जातं का?"

सगळे हसले. बाईही हसली, आणि हसताना तिला हायसं वाटलं. पुढं तिला लाज वाटली ती या हायसं वाटण्याची.

मंडळीत एक घड्याळजी होता. साठी उलटलेला, सडपातळ, बोलायला मऊ. तो नेहमी सगळ्यांच्या पुढं असायचा. पुलाशी, बाकाशी, पाणवठ्याशी मंडळी पोचावीत तर हा आधीच बसलेला. त्यावरून त्याची थट्टा चालायची. "तुमचं घड्याळ पुढं आहे," असं ग्रंथालयातल्या दोघी बहिणी म्हणायच्या, आणि तो दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखा हसायचा.

वसंतात रान असं फुललं की वाटेवर पाय ठेवायला जीव होईना. दोरा तुटलेला होता. एक टोक या मुळाला, दुसरं त्या. भेग नऊ झाली होती, आणि उताराकडची बाजू अलीकडच्या बाजूपेक्षा एक वीत खाली बसली होती, पायरी असावी तशी. त्या पायरीवर पिवळी फुलं दाटीनं उगवली होती. दोघी बहिणींनी तिथं बसून फोटो काढून घेतले. फोटो बाईनंच काढले, कारण मोबाईल तिच्या हातात दिला गेला, आणि नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. "थोड्या अलीकडं सरका," एवढंच ती म्हणाली. "उजेड नीट येत नाही."

परतताना ते खालच्या रानवाटेनं आले. ही वाट धारेच्या बरोबर पायथ्यातून जायची, उंच झाडांच्या सावलीतून, थेट ओढ्यावरच्या लाकडी पुलापर्यंत. तिथं एके ठिकाणी उतारातून पाणी झिरपत होतं. दहा वर्षांत तिथं कोणी पाणी पाहिलं नव्हतं. रंग मातकट, दूध फार घातलेल्या चहासारखा. काही झाडं बुंध्यापाशी वाटेकडं झुकली होती आणि वर जाऊन पुन्हा सरळ व्हायला बघत होती.

घड्याळजी मंडळी येईपर्यंत तिथं थांबला होता. त्यानं उताराच्या मातीला कान लावला होता, दुकानात घड्याळाला लावायचा तसा.

"आत काहीतरी चालू आहे," तो म्हणाला. "टक, टक. पण ठेका नाही त्याला."

"दुरुस्तीला टाका," मंडळीतला बेकरीवाला म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले. बाईनं मात्र तो आवाज ऐकायला कान लावला नाही. तिला नको होता तो ऐकायला.

उन्हाळा सुरू झाला तेव्हा वहीत एकवीस लिहिलं होतं. एका सकाळी चहा पिताना तिनं नवऱ्याला सांगितलं. तो बस आगारात वेळा नोंदवायच्या कामावर होता. गुडघ्यांमुळं डोंगर त्याचा सुटला होता. तो ऐकून घेणारा माणूस होता.

"किती म्हणालीस?"

"एकवीस."

"आणि पहिल्यांदा किती होती?"

"दीड."

त्यानं कप खाली ठेवला. "हे कोणाला बोललीस?"

"वन्संना. थंडीत."

"एकदाच?"

"एकदाच."

तो उठून कप विसळायला आत गेला. आरडाओरडा केला असता तर बाईला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी ती वही पिशवीत घालून वनखात्याच्या कचेरीत गेली.

अधिकारी सौजन्यानं वागणारा होता. खुर्ची दिली, पाणी मागवलं. भिंतीवर डोंगराचा मोठा नकाशा होता. त्यावर त्यानं पेन्सिलीनं नेमकी जागा विचारून घेतली. मग कागद पुढं ओढला.

"एकवीस सेंटिमीटर म्हणजे थोडी नाही. तुम्ही कधी पाहिलीत पहिल्यांदा?"

बाईचा हात पिशवीतल्या वहीवर होता. "दोनेक महिने झाले."

"मग तेव्हाच का नाही आलात?"

प्रश्न साधा होता, आवाजही चढा नव्हता. पण बाईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "तेव्हा एवढं वाटलं नाही," ती म्हणाली. "म्हणजे, होती. साधारण अशीच होती."

"वाढलेली नाही?"

"नाही. तशीच आहे."

अधिकाऱ्यानं कागदावर लिहिलं. बाईला उलटी अक्षरं वाचता आली: जुनी, स्थिर. तिनं पिशवीतून हात बाहेर काढला, आणि वही आतच राहिली.

आठवडाभरात वनरक्षक वर जाऊन दोर बांधून आला. वाटेच्या तोंडाशी पाटी लागली. धारेवरची वाट बंद, खालच्या रानवाटेनं जावे. पाटी नणंदेनं पाहिली आणि कोणी तक्रार केली ते तिला दोन दिवसांत कळलं. ती घरी आली, पण बसली नाही.

"माझ्या कानावर तरी घालायचं होतंस, वहिनी. मी नेते आहे ना सगळ्यांना?"

"घातलं होतं, वन्सं."

नणंदेला टाचा आठवल्या असाव्यात. तिचा चेहरा आणखी कडक झाला. "बरं," ती म्हणाली आणि गेली. त्यानंतर दोघींचं बोलणं तुटलं. पुढचे दोन रविवार मंडळी बाईशिवाय गेली, खालच्या वाटेनं.

मग पाऊस लागला तो अकरा दिवस हटला नाही. मोठा नव्हता, पण चिवट होता. बाराव्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ झालं. तो महिन्यातला शेवटचा रविवार होता. बाई पुढच्या खोलीत कापायच्या टेबलाशी उभी होती. एका सभागृहाच्या पडद्याचं काम होतं, जाड मखमल, सोळा मीटरचा तागा. तिनं कापडाचा एक पदर टेबलाखाली सोडला होता, आणि कात्री घ्यायला वळली तेवढ्यात मागं सरसर आवाज झाला. लोंबणाऱ्या भागानं वरचं सगळं कापड ओढून घेतलं होतं. घडीवर घडी घसरत अख्खा तागा खाली गेला आणि टेबलाच्या पायाशी ठेवलेलं स्टूल त्याखाली दिसेनासं झालं.

बाई त्याकडं बघत राहिली. वर धारेवर दोर बांधला होता. वर आता कोणीच नव्हतं.

"अहो," तिनं आतल्या खोलीत हाक मारली, "वन्सं आज कुठून गेल्या?"

"खालून. वरचं बंद आहे ना." नवरा दाराशी आला आणि तिचा चेहरा बघून थांबला. "काय झालं?"

"फोन लावा त्यांना."

फोन बंद होता. तो बंद असणार हे दोघांनाही ठाऊक होतं. रानात फोन वाजणं म्हणजे वॉर्डात ताशा वाजवणं, असं नणंद म्हणायची. बेकरीवाल्याचा लागत नव्हता. वनखात्याच्या कचेरीत रविवारची घंटी नुसतीच वाजत राहिली. नवऱ्यानं आगारात फोन करून एका चालकाला गाडी आणायला सांगितलं, आणि गाडी येईपर्यंत बाई फुटपाथवर उभी राहिली, पायांत घरातल्याच चपला.

वाटेच्या तोंडाशी तिला सोडून चालक वळला तेव्हा साडेदहा वाजले होते. रानात ऊन उतरलं होतं, पानांवरून पाणी ठिबकत होतं, आणि एकही पाखरू बोलत नव्हतं. बाई पळाली. दहा वर्षांत ती या वाटेवर कधी पळाली नव्हती. झिरपणारं पाणी जिथं पूर्वी दिसलं होतं, तिथं आता मनगटाएवढी धार सुटली होती, आणि ती वाट ओलांडून चिखल वाहून नेत होती. वरून मधूनच एखादा खडा यायचा, पानांतून टपटपत, वाटेवर पडून थांबायचा. चपला कधी निसटल्या ते तिला कळलं नाही.

मंडळी आडव्या पडलेल्या खोडावर बसली होती. डबे उघडे, अंडी सोलणं चाललेलं. तिला अनवाणी, चिखलानं माखलेली बघून ग्रंथालयातली धाकटी उठून उभी राहिली.

"उठा सगळे," बाई म्हणाली. तिला धाप लागली होती. "मागं चला. वरचं खाली येणार आहे."

नणंद उठली नाही. "कचेरीनं ही वाट बरी म्हणून सांगितलंय. लेखी पाटी आहे."

"कचेरीला मी खोटं सांगितलं."

 बाईनं सगळं एका दमात सांगितलं. "दीडची एकवीस झाली, वन्सं. पानगळीपासून मोजतेय मी. वहीत तारखा आहेत. त्यांनी विचारलं तेव्हा म्हटलं, होती तशीच आहे. वाट बंद होईल म्हणून आधी बोलले नाही, आणि मग बोलायची सोय राहिली नाही."

नणंदेनं तिच्याकडं पाहिलं. काय गिळलंय ते अखेर कबूल करणाऱ्या रुग्णाकडं बघावं, तसं. राग नंतरसाठी बाजूला ठेवलेला तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

"उठा," ती म्हणाली. "पिशव्या राहू देत. एकामागं एक, आलो तसे मागं. बोलायचं नाही."

"घड्याळजी कुठायत?" बाईनं विचारलं.

"पुढं. पुलापाशी भेटतो म्हणाले."

बाई पुढं निघाली, तोच नणंदेनं तिचं मनगट धरलं. ती पकड सुटण्यासारखी नव्हती. "तू नाही. मी शिट्टी देते." तिनं गळ्यातली शिट्टी तीनदा जोरानं वाजवली. मागं फिरा, असा त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. थोड्या वेळानं पुढून, वळणापलीकडून, त्याचा मऊ आवाज आला. "येतो, येतो. जरा टेकलोय."

"धावत या," नणंद ओरडली.

ते मागं वळले. पाण्याची धार ओलांडली, पहिलं वळण घेतलं, आणि तेव्हा वरून आवाज आला. गडगडाट नव्हता तो सुरुवातीला. जाड कापड दोन्ही हातांनी फाडावं तसा लांबलचक आवाज होता, मुळं एकामागून एक तुटत होती. बाईनं मागं पाहिलं. झाडं खाली येत होती, उभीच्या उभी, जिना उतरणाऱ्या माणसांसारखी, शेंड्यांवर ऊन तसंच ठेवून. मग ती एकमेकांवर कलली आणि त्यांच्यामागून डोंगर आला. पायांखालची जमीन थरथरली. चिखलाचा वास इतका दाट होता की श्वास घेणं अवघड झालं. नणंदेनं बाईचं मनगट तेव्हाही सोडलं नव्हतं.

सगळं शांत झालं तेव्हा ते बसले होते ते खोड, ती वाट, तो पूल, यातलं काही उरलं नव्हतं. नणंदेनं पुन्हा शिट्टी वाजवली. मग पुन्हा. शेवटी बेकरीवाल्यानं तिच्या हातातून ती काढून घेतली.

घड्याळजी तिसऱ्या दिवशी सापडला.

बाई चौथ्या दिवशी वही घेऊन कचेरीत गेली. अधिकाऱ्यानं ती उभ्यानंच वाचली. कोणाच्या खिडक्या, कोणाचे दरवाजे, आणि मधेमधे धार, दीड, चार, नऊ, चौदा, एकवीस. वाचून झाल्यावर त्यानं नकाशावरच्या पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवलं.

"मी स्वतः वर जाऊन बघायला हवं होतं," तो म्हणाला. "कागदावर मिटवलं मी."

"मी तुम्हाला स्थिर आहे म्हणून सांगितलं."

"हो," तो म्हणाला. "तेही आहे."

त्यानं तिचा जबाब लिहून घेतला, वही ठेवून घेतली. पुढं चौकशी झाली, अधिकाऱ्याची बदली झाली, बाईला कोणी शिक्षा केली नाही. सभागृहाचे पडदे तिनं वेळेवर पोचवले. नवरा तिच्या उशाशी पाणी भरून ठेवायचा आणि काही विचारायचा नाही. नणंद मात्र एका दुपारी आली, कापायच्या टेबलाशी उभी राहिली आणि म्हणाली, "त्यांच्या बायकोला हे कोणी सांगितलेलं नाही. तुझ्या तोंडून कळलेलं बरं."

"मी जाणारच होते."

"मग आज चल. मी दुकानाबाहेर थांबते."

घड्याळाचं दुकान अरुंद होतं, दोन माणसं उभी राहिली की भरायचं. भिंतीवरची घड्याळं बंद केलेली होती. घड्याळजीची बायको काउंटरमागं होती. लोकांनी दुरुस्तीला टाकलेली घड्याळं चिठ्ठ्या बघून परत देण्याचं काम ती करत होती.

"चिठ्ठी?" तिनं हात पुढं केला.

"माझं घड्याळ नाही," बाई म्हणाली. "मी त्यांच्याबरोबर चालायला यायचे."

मग तिनं सांगितलं. पानगळीपासून, काही न गाळता, हसण्यासकट. बायकोनं मधे एकदाही अडवलं नाही. हातातलं घड्याळ तिनं फडक्यावर ठेवलं आणि फडक्याची टोकं नीट जुळवत राहिली.

"ते पुढं का असायचे, माहितेय तुम्हाला?" शेवटी ती म्हणाली.

"नाही."

"दम लागायचा त्यांना. दोन वर्षं झाली. मागं राहिलो तर मंडळी आपल्यासाठी थांबतील, म्हणून आधीच पुढं निघायचे. मग पुढं जाऊन बसायचे, कोणी यायच्या आत श्वास जागेवर यावा म्हणून." तिनं वर पाहिलं. "धावत यायला सांगितलं होतं ना त्यांना?"

"हो."

"हं."

बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली आणि काच किंचित वाजली.

"सांगितलंत ते बरं केलंत," बायको म्हणाली. "आता पुन्हा येऊ नका."

बाईनं मान हलवली आणि ती बाहेर आली. नणंद समोरच्या फुटपाथवर ताठ उभी होती, पिशवी दोन्ही हातांत धरून. ती रस्ता ओलांडून आली.

"काय म्हणाल्या?"

"पुन्हा येऊ नका म्हणाल्या."

नणंदेनं ते ऐकलं. दुकानाकडं पाहिलं. "थांब इथं," ती म्हणाली. "त्या दिवशी हसण्यावारी मी नेलं होतं. ते तू कशाला सांगायचं?" आणि पिशवी बाईच्या हातात देऊन ती दार ढकलून आत गेली.

बाई फुटपाथवर उभी राहिली. काचेतून दोघी दिसत होत्या, काउंटरच्या अलीकडं एक, पलीकडं एक. बराच वेळ दोघी तशाच उभ्या होत्या. कोण बोलत होतं, की कोणीच बोलत नव्हतं, ते बाहेरून कळायला मार्ग नव्हता.